काच, हवा की हात: हर्णैला जुन्या टेलिफोटो लेन्सांबरोबर

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

ही वही घालायचं कारण अगदी व्यवहारी आहे. नवीन लेन्सने फोटो काढला की फोकल लेंग्थ (लेन्स किती लांबची, तो मिमीतला आकडा), ॲपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र; एफ/चा आकडा मोठा तितकं ते लहान), सगळं कॅमेरा आपणहून फाइलमध्ये लिहितो. जुनी लेन्स आणि कॅमेरा यांच्यात विजेचा एकही संपर्क नाही, त्यामुळे ॲपर्चरचा रकाना कायम रिकामा. कोणता फोटो एफ/४ ला आणि कोणता एफ/८ ला, हे हातानेच टिपायला हवं. टिपायचंच आहे, तर वारा, भरती आणि ऊनही टिपतो.

काम असं: हर्णै बंदर, समोरच्या बेटावरचा सुवर्णदुर्ग किल्ला आणि नांगरलेल्या बोटी यांची एक फोटोमालिका, सगळी लांब आणि जुन्या लेन्सांनी. दापोलीत राहतो, बंदर गाडीने अर्ध्या तासाच्या आत. बॉडी २४ मेगापिक्सेलची फुल-फ्रेम मिररलेस, सोनी ई-माउंट. लेन्सांमध्ये पेंटाकॉन २०० मिमी एफ/४, निक्कोर ३०० मिमी एफ/४.५ एआय, आणि नावाची पट्टी झिजून गेलेली एक जपानी १३५. मित्राकडे रशियन आरशाची ५०० मिमी आहे, ती डिसेंबरात मागून घेईन.

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते कशी, असं घरी विचारलं गेलं, म्हणून उत्तर इथेच लिहून ठेवतो. प्रत्येक लेन्सला आपल्या माउंटपासून, म्हणजे ती कॅमेऱ्याला जोडली जाते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंत ठरावीक अंतर लागतं. पेंटाकॉनच्या एम४२ स्क्रूसाठी ते ४५.४६ मिमी, निक्कोरच्या निकॉन एफ माउंटसाठी ४६.५ मिमी. जुन्या कॅमेऱ्यात मध्ये आरसा हलायचा, त्यासाठी ही जागा सोडलेली असे. मिररलेसमध्ये आरसाच नाही, ई-माउंटचं अंतर फक्त १८ मिमी. उरलेली जागा अडॅप्टर भरून काढतो. म्हणजे एम४२ साठी २७.४६ मिमीची पोकळ नळी, आत काच नाही, काही नाही. उलट दिशेने हे इतकं सरळ नाही. निकॉनच्या जुन्या एसएलआर बॉडीवर एम४२ लेन्स लावली तर साध्या अडॅप्टरने अनंतावर फोकस होत नाही, कारण निकॉनचं अंतर मुळातच एम४२ पेक्षा जास्त.

मेनूतल्या दोन गोष्टी आधी उरकल्या. ‘लेन्सशिवाय शटर चालू द्या’ हे सुरू केलं, नाहीतर कॅमेरा समोर काही आहे असं मानायलाच तयार नाही. आणि बॉडीतल्या स्टॅबिलायझरला, म्हणजे हाताचा हादरा सेन्सर हलवून भरून काढणाऱ्या यंत्रणेला, फोकल लेंग्थ हाताने सांगितली. २०० ची लेन्स लावून आकडा ५०० चा राहिला, तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलेल आणि फोटो स्थिर होण्याऐवजी बिघडेल.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज घरीच. लेन्स डोळ्यापुढे धरून मागून टॉर्च मारला. २०० आणि ३०० स्वच्छ, थोडी धूळ आहे पण धुळीने फोटोत काही फरक पडत नाही. १३५ मध्ये मात्र आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, म्हणजे बुरशी. कोकणात जुनी लेन्स घेताना पहिली तपासणी हीच. ओरखडा परवडला, बुरशी नाही. ती कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ लेप, खात जाते, आणि काच पुसून निघाली तरी खाल्लेली जागा परत येत नाही. १३५ बाजूला, वेगळ्या डब्यात ठेवली. बाकीच्यांसाठी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा पन्नासच्या खाली ठेवायचा. निळे दाणे गुलाबी झाले की भाजून पुन्हा निळे करायचे. आमच्याकडे जुलैत चामड्याच्या चपलेवर पांढरं येतं, तिथे कोटिंगची काय कथा.

दुसरं काम अडॅप्टरचं. एम४२ च्या अडॅप्टरची आतली भिंत चकचकीत काळी होती. समोरून उजेड आला की तो या भिंतीवर आपटून सेन्सरवर सांडतो आणि फोटोवर दुधाळ पडदा येतो. लोक मग म्हणतात, जुन्या लेन्सला कॉन्ट्रास्ट नाही. आत काळी मखमल चिकटवली. खिडकीतून समोरच्या माडाचा आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी लावला, झावळ्यांमधला काळा रंग नंतरच्या फोटोत खरोखर काळा आहे.

पेंटाकॉनच्या ॲपर्चरची रचना हाताळून पाहिली. ही लेन्स पूर्व जर्मनीतल्या गोर्लिट्झची. तिथली मायर-ऑप्टिक १९६८ मध्ये पेंटाकॉनमध्ये विलीन झाली, त्याआधी हीच लेन्स ओरेस्टेगॉर नावाने निघे. पाती पंधरा, त्यामुळे छिद्र जवळजवळ गोल. दोन रिंगा आहेत: एका रिंगेवर हवा तो आकडा अडवून ठेवायचा, दुसरी फिरवून उघडायचं, फोकस करायचं आणि न बघता अडेपर्यंत मिटायचं. फिल्मच्या काळात मिटल्यावर व्ह्यूफाइंडर अंधारे, म्हणून हा खटाटोप. आता इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर उजेड वाढवून दाखवतो, त्यामुळे एफ/८ ला मिटवूनही फोकस करता येतो. तरी मी उघडूनच करतो. उघड्या लेन्सवर फोकसची जागा अरुंद असते, चुकलं तर लगेच दिसतं.

९ नोव्हेंबर, शनिवार, कार्तिक शुद्ध अष्टमी

भरतीची वेळ म्हणजे तिथीची पाऊणपट: आठ पाऊणे सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी, त्यातही भांगाची, पाणी फार मागे जाणार नाही. दहाच्या सुमारास वाळूवर ट्रायपॉड लावला, ३०० लावली.

कसोटीसाठी छापील तक्ता आणलेला नाही. बोटींच्या केबिनवर रंगवलेले नोंदणी क्रमांक आहेत, तेवढे पुरे. हिशेब सोपा आहे. या सेन्सरवर एक पिक्सेल सहा मायक्रॉनचा. ३०० मिमीला अर्ध्या किलोमीटरवरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक पिक्सेल. १५ सेंटिमीटर उंचीचं अक्षर असेल तर पंधरा पिक्सेल, आरामात वाचता यावं. किलोमीटरभर लांब गेलं की सात-आठ पिक्सेल, जेमतेम. २०० मिमीला हे सगळं दीडपटीने अवघड.

आज जवळच्या बोटीचाही आकडा धड वाचता आला नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये मोठं करून पाहिलं तर अक्षरं उकळत होती. ३ चा ८ होतो, परत ३ होतो.

जाळं विणत बसलेल्या एका मामांनी विचारलं, “काय मोजताव, दादा?” म्हटलं, तुमच्या बोटीचा नंबर वाचतोय. “मंग मला विचारा ना,” म्हणाले, आणि घडाघडा सांगितला. वहीत लिहून घेतला. आता निदान बरोबर उत्तर हाताशी आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

धूसर फोटोचे संशयित तीन: काच, हवा आणि हात, म्हणजे आधाराचा हलकेपणा. ते वेगळे करायची रीत आज बसवली. एकाच चौकटीचे पाठोपाठ फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक ठेवून पाहायचे.

सगळी चौकट एकाच दिशेला फरफटली असेल तर हादरा. बोट धूसर पण तिच्या पुढचं किंवा मागचं पाणी स्पष्ट असेल तर फोकस. आणि एकाच फोटोत डोलकाठी डावीकडे वाकलेली, केबिन उजवीकडे सरकलेली, पुढच्या फोटोत नेमकं उलट, असं दिसलं तर ती हवा. काचेचा दोष प्रत्येक फोटोत त्याच जागी तसाच राहतो, तो हलत नाही.

आज सकाळच्या फोटोंत हादराच निघाला. ३०० ला स्वतःची फिरती ट्रायपॉड कॉलर, म्हणजे नळीभोवतीचं कडं, आहे, ती तिथेच वापरायची. कॅमेऱ्याचा तळ ट्रायपॉडवर कसला तर लांब नळी पुढे लोंबते आणि सगळा भार अडॅप्टरच्या जोडावर येतो. कॉलरवर तोल मधोमध बसतो. पाय ओल्या वाळूत हळूहळू रुततात, म्हणून खाली फळीचे तुकडे. ट्रायपॉडला पिशवी टांगायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण किनाऱ्यावर ती वाऱ्याने झुलते आणि झुलवते. पिशवी जमिनीला टेकेल एवढी खाली सोडली, मग ठीक. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, स्टॅबिलायझर बंद.

जेट्टीच्या कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स दाबून धरली, ते ट्रायपॉडपेक्षाही बरं निघालं. दगडी कठडा हलत नाही.

८ डिसेंबर, रविवार

कुरव पक्षी आले आहेत, ओहोटीच्या रेषेवर थवा बसतो. बसलेल्यांसाठी ३०० उत्तम. दहा मीटरवर एफ/४.५ ला स्पष्टतेची जाडी साधारण ३० सेंटिमीटर, एक पक्षी मावतो आणि मागचा थवा विरघळतो. वाळूवर पोटावर झोपून, लेन्स पिशवीवर.

उडणाऱ्यांचा नाद सोडला. सुवर्णदुर्गावरून काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड, सरळ डोक्यावरून गेला. हाताने रिंग फिरवून त्याच्या मागे धावणारे लोक आहेत, मी त्यांतला नाही. त्या कामाला आजच्या ऑटोफोकस लेन्सच हव्यात, उगाच जुन्याचा अभिमान धरून उपयोग नाही.

फोकस पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधला भाग कॅमेरा रंगवून दाखवतो त्या, रंगीत कडांवरही फार विसंबू नये. चमकत्या पाण्यावर तो सगळीकडेच लाल दाखवतो. चौकट मोठी करून डोळ्याने ठरवावं.

२२ डिसेंबर, रविवार

सगळे सांगतात, लांब लेन्सला पहाट चांगली, हवा स्थिर असते. म्हणून उजाडताना हर्णैतल्याच गोवा किल्ल्याजवळच्या किनाऱ्यावर. थंडी कडक, मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे. मागून ऊन येणार होतं, समोर सुवर्णदुर्गाचा जमिनीकडचा तट. याहून काय हवं?

आणि तट थरथरत होता. दुपारसारखा उकळत नव्हता, पण पाण्यालगतची पट्टी सारखी वितळत होती. आणखी एक गंमत: बेटाची दोन्ही टोकं पाण्यापासून सुटून वर उचलल्यासारखी, त्यांच्याखाली आकाशाची चीर. लांबची एक बोट चक्क हवेत.

घरी येऊन विचार केला तेव्हा कोडं सुटलं. डिसेंबरात समुद्राचं पाणी रात्रीतून फारसं निवत नाही, जमीन मात्र निवते. मतलई वारा ती गार हवा कोमट पाण्यावर नेऊन सोडतो. खालची हवा गरम, वरची थंड. हीच मृगजळाची मांडणी, फक्त डांबरी रस्त्याऐवजी पाण्यावर. पहाटेचा सल्ला माळरानावर खरा असेल. हिवाळ्यात किनाऱ्यावरून पाण्यापलीकडे नेम धरायचा असेल तर तो तसाच्या तसा उचलून चालत नाही. याबद्दल कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं, म्हणून हे जरा लांबवून लिहितो आहे.

मग याच तर्काने हवा शांत केव्हा? हवा आणि पाणी यांचं तापमान जुळेल तेव्हा. खारा वारा सुटला की तो समुद्रावरूनच आलेला असतो, पाण्याइतकाच कोमट. म्हणजे दुपारनंतर. आणि नजरेची रेषा वाळूवरून जायला नको, थेट पाण्यावरून, जमेल तितक्या उंचीवरून.

५ जानेवारी २०२५, रविवार, पौष शुद्ध षष्ठी

सहा पाऊणे साडेचार. साडेचारला भरती, म्हणजे जेट्टीच्या पायथ्याशी पाणी आणि मध्ये तापलेली वाळू नाही. मुद्दाम हा दिवस निवडला.

साडेतीनला खारा वारा भरात. जेट्टीवरून मामांच्या बोटीचा नंबर ३०० ने एफ/८ ला पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत वाचता आला. त्याच लेन्सने, त्याच अडॅप्टरने, नोव्हेंबरात जो ३ आणि ८ मध्ये हेलकावत होता. काचेवरचा आरोप इथे मागे घेतला. एफ/४.५ ला कडा थोड्या मऊ, एफ/५.६ ला सुधारतात, एफ/८ ला सर्वांत स्वच्छ. २०० ची तऱ्हा तशीच, फक्त ती उघडी असताना जास्त मऊ.

पण इथे दुसरी अडचण उभी राहते. दुपारी सूर्य पश्चिमेला. गोवा किल्ल्याजवळून सुवर्णदुर्ग पाहिला तर तो नुसता काळा आकार, चिऱ्यांची एकही सांध दिसत नाही. सकाळी उजेड हवा तसा पण हवा वाईट, दुपारी हवा चांगली पण उजेड पाठीमागून. जागा बदलल्याशिवाय हे सुटणार नाही.

हर्णैच्याच कनकदुर्ग किल्ल्यावर, दीपगृहाच्या बाजूला चढलो. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तिथून किल्ल्याकडे पाहताना तो डाव्या हाताला येतो. तटाच्या एका अंगावर तिरकं ऊन, बुरुजांच्या गोलाईवर छान छटा. अंतर वाढलं, पण उंचीही मिळाली आणि खाली सगळं पाणी. मालिकेचा मुख्य फोटो इथून होणार.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

मित्राची ५०० आली आहे. एफ/८, त्यात ॲपर्चर नाहीच, उजेड शटरने आणि आयएसओने, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेने, सांभाळायचा. पुढे मक्सूटोव्ह रचनेतली वाटीसारखी जाड काच, मागे आरसा, मधोमध छोटा दुसरा आरसा. त्या मधल्या आरशामुळे फोकसबाहेरचा प्रत्येक चमचमता ठिपका कडं होऊन येतो. उन्हातल्या समुद्रावर रोखली तर पाण्यावर हजार बांगड्या. काहींना आवडतं, मला नाही.

मग मागितली कशाला, तर एका चाचणीसाठी. ३०० ने काढलेल्या मावळत्या चंद्राला खालून लाल आणि वरून निळसर कड येत होती. जुन्या काचेचा रंगदोष म्हणून कुणीही निकाल दिला असता. पण आरसा सगळे रंग सारखेच परतवतो, त्यामुळे ५०० मध्ये रंगदोष जवळजवळ नसतो.

पौर्णिमा पहाटे संपली, त्यामुळे उजाडताना चंद्र पश्चिमेला टेकत आलेला. ५०० च्या चौकटीत तो सेन्सरवर साडेचार मिलिमीटरचा, ३०० मध्ये पावणेतीन. दोन्ही लेन्सांत चंद्र चौकटीच्या बरोबर मधोमध ठेवला, कारण काचेचा आडवा रंगदोष मध्यावर शून्य असतो आणि कडांकडे वाढतो.

५०० मध्येही तीच लाल-निळी कड, जास्त मोठी आणि स्पष्ट. ती काच नव्हेच. क्षितिजालगतची जाड हवा लोलकाचं काम करते, निळा किरण तांबड्यापेक्षा थोडा जास्त वाकवते. कॅमेरा तिरका फिरवून पाहिला तरी लाल बाजू क्षितिजाकडेच राहिली. पुरावा पक्का.

परत येताना भर ओहोटी, उधाणाची. बोटी चिखलात कलंडलेल्या. घरी तिळगूळ होता, लेन्स पुसायच्या आधी तो खाल्ला.

२६ जानेवारी, रविवार

काचेच्या वाट्याचं काचेला देऊन टाकू. भर उन्हात पांढऱ्या रंगाची बोट, मागे गडद पाणी, लेन्स पूर्ण उघडी: कडेला जांभळी रेघ. ही खरी लेन्सची. त्या काळच्या साध्या काचेने दोन रंग एका ठिकाणी आणता येत, तिसरा थोडा पुढेमागे पडे. म्हणूनच पुढे रंग कमी फाकवणारी फ्लोराइट आणि ईडी काच आली. दोन स्टॉप, म्हणजे ॲपर्चरचे दोन टप्पे, मिटवलं की जांभळं बरंच उतरतं. कोपऱ्यांतली लाल-हिरवी कड वेगळी, ती मिटवून जात नाही, पण सॉफ्टवेअरमध्ये एका टिचकीत जाते. बगळ्याला मात्र ढगाळ उजेडातच गाठावं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कनकदुर्गावरून मुख्य चौकट झाली. ३००, एफ/८, दुपारी चारच्या पुढे, वारा समुद्रावरून. कॅमेरा उभा करून, कॉलर फिरवून, डावीकडून उजवीकडे सरकत तुकड्या-तुकड्याने काढली आणि जोडली. तटावर उगवलेली झाडं एकेक वेगळी दिसतात. प्रत्येक तुकड्याचे अनेक फोटो घेतले आणि त्यांतला हवेने सर्वांत कमी छळलेला निवडला. हे काम कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही. हवा क्षणभर थांबते, कधी थांबेल ते सांगत नाही.

अनंताचं चिन्ह पाहून रिंग तिथे लावू नये, हेही इथे नोंदवतो. बहुतेक अडॅप्टर नेमक्या मापापेक्षा केसभर आखूड असतात, आणि लांब लेन्सा मुद्दाम अनंताच्या थोड्या पलीकडे फिरतात, कारण उन्हात धातू वाढतो. दर अर्ध्या तासाने सुवर्णदुर्गाच्या तटावर मोठं करून फोकस पुन्हा बांधला.

१६ मार्च, रविवार

शिमगा. गावातली पालखी नाचवताना २०० नेली, हातात धरूनच, शटर हजारांश सेकंद. नाचत्या पालखीमागे रिंग फिरवत बसलो तर पालखी पुढच्या अंगणात पोचलेली असते. म्हणून उलटं केलं: तुळशीवृंदावनावर फोकस बांधला आणि पालखी तिथवर येण्याची वाट पाहिली. दहा मीटरवर एफ/४ ला साठेक सेंटिमीटरची जाडी मिळते. पालखी त्यात शिरली की बोट दाबायचं. पंधरा पात्यांचा फायदा आज दिसला, थोडी मिटवूनही मागच्या दिव्यांचे गोळे गोलच राहिले.

५०० मित्राला परत दिली. ३०० आणि २०० राहणार, १३५ विकणार नाही, कुणाच्या तरी डब्यात ती बुरशी जायची. लेन्स उघडून शिकायला कामी येईल.

बोटींच्या क्रमांकांची मालिका अर्धी झाली आहे. १ जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी बोटी वर ओढायला सुरुवात होते, तेव्हा मेअखेरपर्यंतच्या दुपारी हाताशी आहेत. मामांना त्यांच्या बोटीचा मोठा प्रिंट हवा आहे, नंबर नीट वाचता येईल असा, आणि बाजूला त्यांच्या भावाची बोट दिसता कामा नये.